मोत्या, चिकू आणि श्रद्धांजलीचं पान

मागच्या महिन्यात आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक मंडळाची बैठक झाली, नेहमीसारखी झूमवर. जाहिरातींचे दर ठरले, फराळाच्या पाककृती यंदा तरी दोन पानांत आटपायच्या असंही ठरलं आणि उठता उठता एक ईमेल वाचून दाखवली गेली. मंडळाच्या एका जुन्या सभासदांची. वय सत्तरीच्या पुढे, पत्नीला जाऊन चार वर्षं झालेली. मजकूर तीनच वाक्यांचा होता. आमचा चिकू तेरा वर्षांचा होऊन गेला. श्रद्धांजलीच्या पानावर त्याचा लहानसा फोटो छापता येईल का? पैसे पडत असतील तर देईन.

कोणीतरी म्हणालं, "आता तेराव्याचं जेवण पण ठेवा." सगळे हसले. मीही हसले. मग मत घेतलं. तीन विरुद्ध दोन. विरोधातल्या तिघांत मी होते आणि बोलले सगळ्यांत जास्त तेही मीच.

मी म्हणाले, मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्याकडे वाघ माणसं मारतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीनं मारल्या. त्याआधी सीटी-१ नावाच्या एका वाघानं गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं मारली होती, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात तो पकडला गेला. जिथे माणसं अशी जातात तिथल्या लोकांना कुत्र्याची श्रद्धांजली छापलेली दिसली तर काय वाटेल?

यावर कोणी काही बोललं नाही. बोलणार काय? पुण्या-मुंबईच्या माणसासमोर 'आमच्याकडे वाघ' म्हटलं की वाद संपतो, हे मला इथल्या, परदेशातल्या सव्वीस वर्षांत चांगलं कळलं आहे. पण लॅपटॉप मिटला आणि मला आमच्या घरची पडवी आठवली. बैठकीत मी सांगितलं त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. तिथल्या लोकांना काय वाटेल, हे मात्र मी माझ्या मनानं ठरवून टाकलं होतं. तिथली लोकं म्हणजे आमचीच माणसं. त्यांना काय वाटतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमचं गाव नागभीड तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात. घरामागे सांदवाडी, तिच्यापलीकडे बांध्या, मग बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बोडीच्या पाळीपासून जंगल. ताडोबा तिथून लांब आहे. पण ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ-बिबटे काही राखीव जंगलाची हद्द बघून राहत नाहीत. घरी कुत्रा असायचाच आणि त्याचं नाव मोत्याच असायचं. एक गेला की दुसरा आणायचा, त्यालाही मोत्याच म्हणायचं. माझ्या आठवणीतला तिसरा. पिवळट रंगाचा, एक कान चिरलेला. त्याच्या गळ्यात आजीनं लाल दोरीत पितळेचं घुंगरू बांधलेलं होतं. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे निघालो की तो पुढे. आजी सांगायची, कुत्रा थांबला की आपण थांबायचं. अस्वलाला भुंकून तो कधी कधी उलट आमच्याकडेच पळत यायचा, मागोमाग अस्वल घेऊन, हेही खरं. म्हणजे राखणदार म्हणून त्याला पैकीच्या पैकी मार्क मी देणार नाही.

धानकापणी होऊन पुंजणे रचलेले होते, म्हणजे नोव्हेंबर असेल. मध्यरात्री एकदाच 'क्यांव' असा आवाज आला. मग गावातली सगळी कुत्री एकदम उठली आणि थोड्या वेळानं एकदम गप्प झाली. सकाळी पडवीच्या पायरीवर रक्ताचे थेंब होते आणि सांदवाडीच्या कुंपणापर्यंत फरफटल्याची रेघ. बाबा आणि शेजारचे काका रेघेमागे बोडीपर्यंत गेले. घुंगरू तेवढं घेऊन आले.

आजीनं ते धुतलं आणि देवळीत ठेवलं. मग म्हणाली, "आज चूल नाई पेटवाची."

बाबा म्हणाले, "कुत्र्यासाठी?"

"तो दारात होता म्हणून तू घरात निजला," आजी म्हणाली.

चूल दुपारपर्यंत पेटली नाही. आम्हा पोरांना शेजारून भात आला. शेजारची काकू स्वतः घेऊन आली आणि आजीजवळ बसली. दोघी काही बोलल्या नाहीत. काकूनं सुपारी कातरली, अर्धी आजीला दिली, अर्धी तोंडात टाकली आणि उठून गेली. त्या काकूचा दीर चार वर्षांपूर्वी सरपण आणायला जंगलात गेला होता, तो परत आला नव्हता. माणूस गमावलेल्या घरातून कुत्र्यासाठी भात आला होता. आणि मी इथे बसून त्याच माणसांच्या नावानं चिकूचा फोटो अडवला.

पुढच्या वर्षी बाबांनी नवीन पिल्लू आणलं. सवयीनं आम्ही त्याला मोत्या म्हणू लागलो. आजी म्हणाली, नाही, हा कालू. पिल्लाच्या अंगावर काळा केस नव्हता. त्यानंतर आमच्या घरी मोत्या झाला नाही.

अशा वेळी लोक धर्मराजाच्या कुत्र्याचा दाखला देतात. मी देणार नाही. स्वर्गाच्या दारापर्यंत आलेला तो कुत्रा शेवटी यमधर्म निघाला. म्हणजे कुत्रा म्हणून त्याची किंमत गोष्टीतसुद्धा झाली नाही. मला दाखला हवा तो साध्या, मरणाऱ्या कुत्र्याचा. तो साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. छत्रपती शाहूंचा खंड्या. त्यानं महाराजांना वाघाच्या तोंडून वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला आणि तो गेल्यावर समाधी बांधली, असं सांगतात. समाधी आजही आहे. अठराव्या शतकातला मराठ्यांचा राजा कुत्र्याची समाधी बांधतो आणि आपण अजून 'ही तिकडच्या गोऱ्यांची थेरं' म्हणतो. रायगडावरच्या वाघ्याचं तर विचारूच नका. १९३६ साली होळकरांच्या देणगीतून त्याचं स्मारक झालं. तो कुत्रा खरोखर होता याला समकालीन पुरावा नाही. तरी २०१२ साली पुतळा काढला, परत बसवला, २०२५ साली पुन्हा वाद पेटला. जो बहुधा नव्हताच त्या कुत्र्यासाठी आपण मुठी आवळतो आणि जो तेरा वर्षं घरात होता त्याच्या लहानशा फोटोला हसतो.

आमच्या चंद्रपूरची गोष्ट तर याहून मासलेवाईक. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला असताना कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. ससा कुत्र्याच्या मागे, हे नीट वाचा. मोठा वळसा घेत दोघं धावले आणि अखेर कुत्र्यानं उलटून सशाला मारलं. राजानं हे राणीला सांगितलं. राणी म्हणाली, ज्या वाटेनं ही दोघं धावली त्या वाटेवर कोट बांधा, आत शहर वसवा. चंद्रपूरचा परकोट असा बांधला गेला, अशी दंतकथा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे दरवाजे आजही त्या कोटात उभे आहेत आणि इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ पासून राबून त्यावरची झाडंझुडपं काढली आहेत. शहराच्या नावाचा संबंध सशाच्या कपाळावरच्या चांदाशी जोडणारेही आहेत. राजाचं नाव राहिलं, सशाचा ठिपका राहिला. कुत्र्याचं नाव मी लहानपणापासून विचारत आले आहे, ते कोणी सांगितलेलं नाही.

वाघांची नावं मात्र आपल्याला पाठ असतात. माया, मटकासुर, वाघडोह. ताडोबाचा म्हातारा वाघडोह मे २०२२ मध्ये वयोमानानं गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर मृत्युलेख लिहिले. आणि मंडळी, जुने अंक काढून बघा. आपल्याच अंकात ताडोबाच्या सहलीवरच्या लेखाखाली वाघडोहचा फोटो छापला होता आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे शब्द होते. त्या पानाचं मुद्रितशोधन मीच केलं होतं. तेव्हा बैठकीत कोणी तेराव्याचा विनोद केला नाही. जिप्सीतून अर्धा तास बघितलेल्या वाघाला श्रद्धांजली चालते, तर मग तेरा वर्षं पायाशी झोपलेला चिकू कोणत्या नियमात बसत नाही?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. वन्यजीवांचं काम करणारा माझा एक भाचा म्हणतो, मावशी, गावकुत्र्यांचे गोडवे गाऊ नको. ती चितळांच्या पाडसांमागे लागतात, रोग पसरवतात. त्याचं बरोबर आहे. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत तेवीस सिंह मेले, त्यांतल्या कित्येकांत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आणि कुत्रं असलं म्हणजे बिबट्या दूर राहतो हीही समजूतच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनानं जवळजवळ ३९ टक्के कुत्रीच निघाली. बिबट्या कुत्र्याला भिऊन लांब राहत नाही, तो कुत्र्यासाठीच गावात येतो. म्हणजे आजीचं वाक्य शास्त्राच्या कसोटीला लावलं तर कदाचित उलटंच निघेल. मोत्या दारात होता म्हणूनच बिबट्या दारापर्यंत आला असेल. भाच्याला मी एवढंच म्हटलं की, लसीकरण करा, नसबंदी करा, कुत्री रात्री आत घ्या, सगळं करा. पण आजी त्या दिवशी जेवली नाही ती काही परिसंस्थेचा हिशेब मांडून नव्हे. पडवीवरची एक जागा रिकामी झाली होती.

इथल्या आणि तिथल्या दुःखात एक मोठा फरक आहे आणि तो मला त्या सभासदांना फोन केल्यावर कळला. केला म्हणजे करावाच लागला. नकार कळवायचं काम माझ्याकडे आलं होतं. नकाराचं मी बोललेच नाही, चिकूचं विचारलं. ते सांगत गेले. मागच्या पायांत जोर राहिला नव्हता. जिने चढेना म्हणून यांनी स्वतःचं अंथरूण खालच्या दिवाणखान्यात आणलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून समजावलं, मग कागद पुढे केला. चिकूला त्याच्याच चादरीवर झोपवलं होतं. पंजाचा ठसा मातीत घेऊन देऊ का, असंही विचारलं. हे म्हणाले, द्या.

"ताई," ते म्हणाले, "बायकोच्या वेळी डॉक्टरांनी फक्त सांगितलं. इथे मला विचारलं. सही मी केली."

आमच्या मोत्याला बिबट्यानं नेलं. दोष द्यायला बिबट्या होता, देव होता, अमावस्या होती. आजीच्या हातात कोणी पेन दिलं नव्हतं. वेदना संपवण्यासाठी आपणच जिवाला निरोप द्यायचा, वर दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, हे आपल्या माणसांना इथे येऊन पहिल्यांदा करावं लागतं आहे. त्यासाठी आपल्याकडे ना सुतक, ना दहावा, ना भेटायला येण्याची पद्धत. माणूस गेलं तर या मंडळातली वीस घरं डबे घेऊन पोचतात, हे मी पाहिलं आहे. चिकू गेल्यावर त्या घरी कोणीही गेलं नाही. मी विचारलं. एकही नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी माझं मत बदलणार आहे आणि सोबत एक प्रस्ताव मांडणार आहे. माणसांच्या फोटोंच्या ओळीत कुत्र्याचा फोटो नको. ज्यांचं माणूस गेलं त्यांना ते खुपू शकतं आणि तेवढी जाण आपण ठेवली पाहिजे. पण त्याच पानावर खाली एक चौकट करू. नाव, वर्षं, कोणाच्या घरचा, आणि चार ओळी. कुत्रा, मांजर, पोपट, जे असेल ते. कवितांना मनाई, एवढं तरी मला संपादक म्हणून मागू द्या. पैसे घ्यायचे नाहीत.

मोत्याचा फोटो नाही. आमच्याकडे तेव्हा कॅमेराच नव्हता. त्याच्या दोन ओळी मी लिहून ठेवल्या आहेत. चिकूचा फोटो आला आहे, त्यात तो गुढीच्या शेजारी बसला आहे, गळ्यात हळदी रंगाचा रुमाल.

दिवाळी अंकासाठी तुमच्याकडची नावं १५ सप्टेंबरपर्यंत पाठवा. आणि जवळपास राहणाऱ्यांनी एखाद्या दिवशी त्या काकांकडे जाऊन या. पत्ता माझ्याकडे मिळेल. जाल तेव्हा संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा. ती त्यांची चिकूला फिरवायची वेळ.