खरे प्रकरण आणि त्रिपुरी: नेता बदलण्याचा हक्क कोणाचा?

मध्य प्रांत व वऱ्हाडचे डॉ. नारायण भास्कर खरे यांचे मंत्रिमंडळ जुलै १९३८ मध्ये गेले. महाकोशलच्या, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागातल्या, पुढाऱ्यांनी एका मराठी माणसाला खाली खेचले, असे त्याचे कारण मराठी मंडळींत आजवर सांगितले जाते. त्यावर काँग्रेसच्या बाजूचे उत्तर असे: मते पक्षाला पडली होती, पक्षाने बसवले, पक्षाने उठवले, यात अन्याय कसला? पहिले म्हणणे अपुरे आहे; दुसरे धोक्याचे आहे.

आधी घडले ते. १९३७ च्या निवडणुकीत ११२ पैकी ७० जागा जिंकून काँग्रेसने जुलैमध्ये सरकार बनवले. खरे प्रांताचे पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्याला तेव्हा हेच नाव होते. मंत्रिमंडळात महाकोशलचे तिघे होते: रविशंकर शुक्ल, जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. खऱ्यांचे आणि त्यांचे पटेना. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट झाला, तो दोन महिनेही टिकला नाही. २० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला. त्यांचे सहकारी मंत्री गोळे आणि रामराव देशमुख यांनीही दिला. पंतप्रधान गेला की सगळे मंत्रिमंडळ जाते, हा संसदीय पद्धतीचा साधा नियम. महाकोशलचे तिघे मात्र अडून बसले: पक्षश्रेष्ठींनी सांगितल्याशिवाय राजीनामा नाही. गव्हर्नर फ्रान्सिस वायली यांनी २१ तारखेच्या पहाटे तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी दुसरे मंत्रिमंडळ उभे केले. ते दोन दिवस चालले. २३ तारखेला वर्ध्यात श्रेष्ठींनी खऱ्यांची कानउघाडणी केली आणि त्या मंत्रिमंडळाचा राजीनामा गव्हर्नरांना टेलिफोनवरून कळवला गेला. २७ ला वर्ध्यातच काँग्रेसच्या आमदारांनी शुक्लांना नेता निवडले.

भाषेचा वाद खोटा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरच्या विधानसभेने मराठी भागाच्या वेगळ्या प्रांताचा ठराव केला, तो काही हवेतून आला नाही. पण खऱ्यांच्या दोन दिवसांच्या मंत्रिमंडळात ठाकूर प्यारेलाल सिंह होते, अग्निभोज होते. दोघेही हिंदी भागातले. म्हणजे खऱ्यांनी मांडलेली फळी निव्वळ मराठी नव्हती. शिवाय त्यांची चूक खरीच होती. आपल्याच पक्षाच्या आमदारांची सभा बोलावून तिघांवर विश्वास आहे की नाही हे विचारायचे सोडून त्यांनी ब्रिटिश गव्हर्नरच्या अधिकाराचा आधार घेतला. ज्या काँग्रेसने गव्हर्नरच्या हस्तक्षेपाविरुद्ध आश्वासन मिळेपर्यंत सत्ता घेतली नव्हती, तिला हे झोंबणारच होते.

मात्र खरे चुकले म्हणून श्रेष्ठी बरोबर ठरत नाहीत. मतदारांनी पक्ष पाहून मत दिले, हे मान्य. पण त्या मतांतून उभी राहिली ती विधानसभा, आणि सरकार तिला जबाबदार होते. वर्ध्याला आमदारांची सभा भरली, पण निकाल लागल्यावर. ज्यांनी नेता निवडायचा, त्यांच्यासमोर जुना नेता आधीच काढलेला होता. आणि नागपूरच्या सभागृहाला, जिथे खऱ्यांचे बहुमत मोजता आले असते, कोणी विचारलेच नाही.

वर्ध्याच्या त्या सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. आठ महिन्यांनी पाळी त्यांची आली, तीही जबलपूरच्या वेशीवर. जानेवारी १९३९ मध्ये १,५८० मते घेऊन, पट्टाभि सीतारामय्यांना हरवून ते पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. मार्चमध्ये त्रिपुरीला ५२ वे अधिवेशन भरले. ५२ हत्तींची मिरवणूक निघाली. अध्यक्ष मात्र तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून मांडवात आणलेले. तिथे गोविंद वल्लभ पंतांचा ठराव झाला: कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. निवडून आलेल्या अध्यक्षाचे हातच बांधले गेले आणि २९ एप्रिलला बोस यांनी पद सोडले. त्रिपुरीत जे झाले ते कटू होते, तरी प्रतिनिधींसमोर उघड मतदान होऊन झाले, आणि पक्षाचा अध्यक्ष पक्षालाच जबाबदार असतो. प्रांताचा पंतप्रधान तसा नसतो. वर्ध्यात हा फरक पुसला गेला.

हा फरक आजही निकाल लावतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस यांना पक्षाच्या ८१,३२६ सभासदांनी नेतेपदी निवडले आणि त्या पंतप्रधान झाल्या. खासदारांची पहिली पसंती ऋषी सुनक होते. ट्रस यांनी ४५ व्या दिवशी राजीनामा जाहीर केला. जपानमध्ये ऑक्टोबर २०२५ ला साने ताकाइची पक्षाची निवडणूक जिंकल्या, पण जुना मित्रपक्ष सोडून गेला. नवा जोडीदार मिळवून संसदेत मत जिंकेपर्यंत त्या पंतप्रधान झाल्या नाहीत.

सभागृह पवित्र नसते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याचा दाखला पुन्हा जबलपूरच्याच मिश्रांचा. १९३८ मध्ये बडतर्फ झालेले मिश्र १९६३ मध्ये मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. जुलै १९६७ मध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, त्यांच्यामागे राजमाता विजयाराजे शिंदे उभ्या राहिल्या आणि मिश्रांचे सरकार गेले. पुढच्या दोन वर्षांतच राज्याने आणखी तीन मुख्यमंत्री पाहिले. राजा नरेशचंद्र सिंह त्यात १३ दिवस होते. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला, तरी वाट बुजली नाही. मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामेच दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेल्या बहुमत चाचणीच्या दिवशी, मतदानाआधीच, मुख्यमंत्री कमलनाथ पायउतार झाले.

तरीही फुटीर आमदाराचे मत कोणत्या बाजूला गेले हे सभागृहात दिसते. बंद खोलीत कोणाच्या शब्दाने काय फिरले हे दिसत नाही. उणीव आहे ती मोजण्याच्या रीतीत: जुना नेता नको एवढेच विचारले जाते, नवा कोण हे नाही. जर्मनीच्या राज्यघटनेचे ६७ वे कलम दोन्ही प्रश्न एकत्र विचारते. १ ऑक्टोबर १९८२ ला त्याच मतदानाने हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. भारतातही हे एकदा झाले आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये उत्तर प्रदेशच्या राज्यपालांनी मुख्यमंत्री कल्याणसिंहांना काढून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना एकाच सभागृहात, एकाच मतदानाला उभे केले. २६ फेब्रुवारीला लखनौमध्ये मोजणी झाली: कल्याणसिंह २२५, पाल १९६.