वजन उतरले, वेदना उरल्या. विमा मात्र 'सौंदर्या'पाशी अडला

प्रतिनिधी

अतिस्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च ठरावीक निकष पूर्ण केल्यास आरोग्य विम्यातून मिळू शकतो. मात्र त्यानंतर मोठ्या प्रमाणावर वजन उतरलेल्या महिलेला मान, पाठ व खांद्यांच्या वेदनांपायी स्तनांचा आकार कमी करून घ्यावा लागला, तर तिचा दावा सौंदर्योपचार ठरवून फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते. वजन घटविणारी औषधे आता देशात सहज मिळू लागल्याने ही विसंगती अधिक ठळक होणार आहे.

स्तनांमध्ये मेद आणि ग्रंथी यांचे प्रमाण प्रत्येक स्त्रीमध्ये वेगवेगळे असते. वजन उतरते तेव्हा प्रामुख्याने मेद घटतो. ग्रंथींचा भाग फारसा कमी होत नाही. वर्षानुवर्षे ताणलेली त्वचाही पूर्ववत आकसत नाही. साहजिकच काही महिलांचे स्तन केवळ ओघळतात, तर काहींच्या बाबतीत बाकी शरीर हलके होऊनही छातीवरचा भार कायम राहतो. मान-पाठ दुखणे, अंतर्वस्त्राचे पट्टे खांद्यांत रुतून वळ पडणे, स्तनांखालच्या घडीत घाम साचून वारंवार बुरशीचा संसर्ग होणे, अशा तक्रारी त्यातून उद्भवतात. पहिल्या प्रकारात स्तन केवळ उचलून घेण्याची शस्त्रक्रिया ही बव्हंशी रूपाशी निगडित असते. दुसऱ्या प्रकारात प्रश्न आरोग्याचा असतो. ही सीमारेषा नेमकी कोठे आखायची, ही विमा कंपन्यांची अडचण खोटी नाही. प्रश्न आहे तो ती आखण्याच्या पद्धतीचा.

एका शब्दाचा अडसर

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळावयाच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील सहाव्या क्रमांकाचे कलम स्थूलतेविषयी आहे. बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ वा अधिक असून हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी व्याधी असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया ग्राह्य धरली जाते. येथे निकष आकड्यांत आहेत. वादाला फारसा वाव नाही.

आठव्या कलमाचे तसे नाही. रूप बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक वा प्लास्टिक सर्जरी त्यानुसार वगळली जाते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना त्याला अपवाद आहे. आणखी एक अपवाद आहे तो आरोग्याला असलेला 'थेट व तात्काळ' धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेल्या उपचारांचा. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते.

म्हणजे दार पूर्णपणे बंद नाही. पण 'तात्काळ' हा शब्द त्या दारातच उभा आहे. मानेवर, मणक्यावर पडणारा भार एका दिवसात कोणाच्या जिवावर उठत नाही. तो वर्षानुवर्षे साचत जातो. आणीबाणीच्या प्रसंगासाठी योग्य असलेले माप दीर्घकालीन त्रासाला लावले, की वेदना खरी असूनही दावा टिकत नाही. स्थूलतेच्या कलमात आकडे आहेत, या कलमात केवळ विशेषणे आहेत, आणि विशेषणांचा अर्थ लावण्याचे काम प्रथम कंपनीच करते.

ग्रॅमचे मोजमाप

अमेरिकेत या वादावर वजनकाट्याचा तोडगा काढला गेला. पॉल श्नूर या शल्यविशारदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९९१ मध्ये मांडलेल्या तक्त्याचा आधार तेथील अनेक विमा कंपन्या घेतात. शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार प्रत्येक स्तनातून किमान किती ग्रॅम ऊती काढल्या जाणार, यावर मंजुरी ठरते. निकष स्पष्ट असला, तरी वजन उतरलेल्या महिलांची त्यात कोंडी होते. आधी वजन कमी करा, असे त्यांना सांगितले जाते. वजन कमी झाल्यावर काढावयाच्या ऊतींचे वजनही घटते आणि ग्रॅमची अट हुकण्याचा धोका वाढतो. वास्तविक, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वजन घटविणे, विशेष अंतर्वस्त्रे, व्यायामोपचार यांपैकी कशानेही अशा महिलांना कायमचा आराम मिळत नसल्याचे, तर शस्त्रक्रियेने लक्षणीय आराम मिळत असल्याचे आढळले होते. म्हणूनच तेथील प्लास्टिक सर्जनांची संघटना ग्रॅमऐवजी लक्षणांना महत्त्व देण्याचा आग्रह धरत आली आहे.

भारताने यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. निकष लेखी असावेत, ही एक. आणि ते तराजूवर नव्हे तर त्रासावर आधारलेले असावेत, ही दुसरी. सहा महिने स्थिर असलेले वजन, ठरावीक काळ केलेले पण निष्फळ ठरलेले उपचार, त्वचासंसर्गाच्या नोंदी, अस्थिरोगतज्ज्ञांचे मत, असे निकष ठरविणे प्राधिकरणाला अशक्य नाही. केवळ रूपासाठीच्या शस्त्रक्रिया त्यातून आपोआप गळतील.

तोवर रुग्णाच्या हाती उरतो तो कागद. शस्त्रक्रियेपूर्वीच या नोंदी जमविणे, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात आरोग्याच्या धोक्याचा स्पष्ट उल्लेख करून घेणे आणि पूर्वमंजुरी मागणे हितावह ठरते. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या आढावा समितीच्या संमतीविना दावा फेटाळता येत नाही. नकार आल्यास आधी कंपनीकडे तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

'मौंजारो' मार्च २०२५ मध्ये, तर 'वेगोवी' जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. शस्त्रक्रियेविना वीस-पंचवीस किलो वजन उतरविणाऱ्यांची संख्या यापुढे वाढतच जाणार. स्थूलता हा आजार आहे, हे विम्याने काही अटींवर मान्य केले आहे. त्या आजारातून बाहेर पडताना शरीरावर उरणारा भार हाही त्याच आजाराचा शेष आहे, हे मान्य करण्यासाठी कलमातील एका शब्दाचा फेरविचार व्हायला हवा.