आई समोर उभी, पुरावा मात्र कागदाचा

परवा आईला घेऊन इथल्या, म्हणजे नाशिकच्या, एका सरकारी कचेरीत गेलो होतो. रेशनकार्डावर तिच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. खिडकीतले साहेब म्हणाले, "या दोघी एकच कशावरून?" आई समोर उभी! स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणे.

आता गंमत बघा. ती 'बाई' काय आईने लिहिली? कुठल्यातरी कारकुनाने लिहिली. चूक त्यांची, हेलपाटे (आणि पैसे) आमचे. आणि विश्वास कशावर, तर स्टॅम्पपेपरवर! अहो, निदान नाशिककरांना तरी हे सांगू नका. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये वर्षानुवर्षं मुद्रांक छापले गेले, देशाचे पासपोर्टही तिथलेच. त्याच प्रेसने भंगारात काढलेली यंत्रं अब्दुल करीम तेलगीने मिळवली आणि राज्याराज्यांत बनावट मुद्रांक विकले. २००१ मध्ये तो पकडला गेला, २००७ मध्ये १३ वर्षांची शिक्षा आणि २०२ कोटींचा दंड झाला.

म्हणजे गळती सरकारच्या घरात, आणि झडती आमच्या आईची!

नियम हवेत, कबूल. पण दोन सरकारी नोंदी जुळत नसतील तर त्या जुळवायचं काम सरकारचं. सत्तरीच्या बाईने 'मी मीच आहे' असं शपथेवर का सांगायचं?

असो. प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीने मान वर करून आईकडे पाहिलंसुद्धा नाही. सही कुठे करायची, तिथे फक्त बोट ठेवलं.