वाचलेल्या माणसाचं पुढं काय?

ग्रामीण रुग्णालयात विषबाधेचा रुग्ण येतो. सलाईन लागतं, एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंदवली जाते, पोलीस जबाब घेतात. जबाबात ‘चुकून घेतलं’ असं असतं, कारण घरच्यांना केसची धास्ती असते. माणूस सावरला की हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. त्यावर गोळ्या लिहिलेल्या असतात. पुन्हा जीव नकोसा झाला तर कोणाकडे जायचं, हे क्वचितच लिहिलेलं असतं.

यानंतर तो कोणत्याच खात्याचा उरत नाही. महसूल खातं दारात येतं ते शेतकरी आत्महत्येने गेल्यावर. मग तलाठी, सातबारा, कर्जाचे कागद, जिल्हाधिकाऱ्यांची समिती आणि प्रकरण पात्र की अपात्र याचा निकाल. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये. गेलेल्या माणसासाठी कागद या टेबलावरून त्या टेबलावर नीट फिरतो. वाचलेल्याचा कागद रुग्णालयाच्या फाटकापाशीच थांबतो.

खरं तर कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरावं आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून तिची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेबरोबर या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं कलम ३०९ही गेलं. घरच्यांना हे दवाखान्यातच कोणी सांगितलं, तर निम्मी भीती तिथंच ओसरेल.

नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आणलं. २०३०पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे, त्यासाठी अनेक मंत्रालयांनी एकत्र काम करायचं. त्याच वर्षी महाराष्ट्रात २२,७४६ माणसं अशी गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) यादीत आपलं राज्य सगळ्यात वर होतं. समन्वय समित्या आपण हव्या तितक्या नेमू. तालुक्याला जबाबदार माणूस मात्र एकच लागतो, नावानिशी नेमलेला.

त्याने करायचं काम अवघड नाही. आधी प्रयत्न केलेल्या माणसाला पुढचा धोका सर्वाधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबोसह पाच ठिकाणी अशा १,८६७ जणांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबरच तासभर समजावून सांगितलं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट घेऊन विचारपूस केली. त्या गटात आत्महत्येने ०.२ टक्के माणसं दगावली, दुसऱ्या गटात २.२ टक्के. यात महागडं यंत्र नव्हतं की नवी इमारत. आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, परिचारिका आहेत, आशाताई आहेत. आशाताईंना मात्र रुग्णाच्या संमतीनंतरच कळवावं. गावात बोभाटा झाला तर तो माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. आणि या कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळालाच पाहिजे.

जिल्हाधिकारी दर महिन्याला पात्र-अपात्र प्रकरणं तपासतात, त्याच बैठकीत जिल्हा शल्यचिकित्सकांना त्यांनी विचारावं: गेल्या महिन्यात वाचलेले किती, आणि त्यातल्या किती जणांना आपला फोन गेला? सहा महिने हा प्रश्न नेमाने विचारला, तर खाली नोंदवही आपोआप उघडेल.

तोवर प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापायला कोणाच्याही मंजुरीची वाट पाहू नये. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. वाचणाऱ्यांपैकी कोणाला गरज वाटत असेल, तर त्यांनीही तो आजच लावावा.