सर्व्हर वाढवले, रांग तीच!

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची रात्र होस्टेलवर कशी जाते, हे मी सांगायला नको. मागच्या सेमला मी शिरूरला घरी होतो. माझा फॉर्म दहा मिनिटांत भरला. माझा दौंडचा रूम पार्टनर मात्र होस्टेलवरून रात्री दोनपर्यंत झगडत होता. लॉगिन करा, विषय निवडा आणि पुन्हा लॉगिनचं पान! शेवटी बिचाऱ्याने लेट फी भरली. सगळे म्हणाले, "सर्व्हर कमी पडतात." मला तसं वाटत नाही.

व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे बाहेरून दिसणारा एकच पत्ता. मागे खरी मशिन्स समजा चार. पुढचा लोड बॅलन्सर येणाऱ्यांना पाळीपाळीने वाटून देतो. पण तुमचं लॉगिन एका मशिनच्या मेमरीत आणि पुढचं क्लिक दुसऱ्याकडे गेलं, तर ते विचारणारच, "आपण कोण?" म्हणून 'पर्सिस्टन्स' लावतात, एका माणसाला एकाच मशिनकडे पाठवायचं. माणूस ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे आयपी पत्ता. इथेच घोळ होतो! अख्ख्या होस्टेलचा बाहेर दिसणारा आयपी एकच. म्हणजे सगळी पोरं एकाच मशिनच्या डोक्यावर, बाकीची तीन निवांत. ते दमलं की बॅलन्सर सगळ्यांना दुसरीकडे ढकलतो आणि सगळ्यांचं लॉगिन जातं. आतलं सेटिंग मी पाहिलेलं नाही, पण लक्षणं हीच.

दुसरी गोष्ट उघड्या कनेक्शनची. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. कॉर्ड लाइनने जाणाऱ्या गाड्यांचा तो खोळंबा वाचला. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने तेच केलं: प्रत्येक चित्रासाठी नवं कनेक्शन नको, जुनंच वापरा. पण किती वेळ? अपाचेमध्ये मुळात ५ सेकंद असतात. कुणी ते ३०० केले, तर नुसतं पान वाचत बसलेलाही जागा अडवून बसतो.

उपाय महागडे नाहीत. लॉगिनची माहिती सगळ्या मशिन्सना दिसेल अशा एका ठिकाणी ठेवा. ते जमत नसेल, तर ओळख आयपीवरून नको, कुकीवरून पटवा. आणि शेवटच्या तारखेआधी एकदा होस्टेलच्या नेटवरून सगळ्यांना एकदम लॉगिन करायला लावा.

आपणही लॅबमधले तीन जुने पीसी घेऊन लिनक्सवर एचएप्रॉक्सी लावून बघूया. विषय सिलॅबसमध्ये नसेल, पण लेट फी तर आपल्याच खिशातून जाते ना?