आपल्याच मुलखातला अनोळखी बाजार

परदेशी गेलेले मराठी कुटुंब आता नुसते पुतळे आणि राजवाडे पाहून परत येत नाही. ते बाजारात जाते. इस्तंबूलचा सतराव्या शतकातला मसाल्यांचा बाजार, बार्सिलोनाची बोकेरिया मंडई, बँकॉकजवळचे होड्यांवरचे बाजार या ठिकाणांची छायाचित्रे हल्ली घरोघरी पाहायला मिळतात. ही आवड चांगलीच आहे. एखादा मुलूख काय पिकवतो, काय खातो आणि काय विकतो, हे बाजारात जितके कळते तितके संग्रहालयात कळत नाही. प्रश्न एवढाच आहे, की ही जिज्ञासा विमानतळावरच का जागी होते?

गेल्या श्रावणात जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, मुलगा आणि मुलगी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीला गेलो. शेजाऱ्यांनी विचारले, ‘तिथे पाहण्यासारखे काय आहे?’ मी म्हटले, बाजार. त्यांना ती थट्टाच वाटली.

राजुऱ्याहून निघालेला रस्ता गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांजवळून माणिकगडच्या डोंगरात चढतो. खाली चुनखडीचा पांढरा पट्टा, वर साग आणि मोहाची झाडे, मध्येच कापूस आणि तुरीची शेते. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला जोडला गेला आणि १९५९मध्ये चांदा जिल्ह्यात आला. गोंड आणि कोलाम हे इथले जुने रहिवासी. त्यानंतर, विशेषतः १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे, नांदेड, परभणी, लातूरकडची माणसे पोटापाण्यासाठी हा डोंगर चढून आली. म्हणून जिवतीच्या बाजारात उभे राहिले, की गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा बोली, वऱ्हाडी आणि मराठवाडी एकाच वेळी कानावर पडतात. माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, पासपोर्ट न दाखवता इतक्या भाषा!’

पावसाळ्यात इथला बाजार दोन भागांत पडतो. एका भागात ताडपत्रीखाली बटाटे, कांदे, प्लॅस्टिकच्या बादल्या, तयार कपडे आणि रंगीत पाकिटांतले चिवडे. हे सारे ट्रकमधून डोंगर चढून आलेले. दुसऱ्या भागात बायका जमिनीवर फडके पसरून बसतात. त्यांच्यापुढे काटवलांचे छोटे वाटे, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, आंबाडीच्या जुड्या, आणि नशीब असेल तर वारुळावर उगवलेल्या अळिंब्या. झाडीपट्टीत त्यांना सात्या म्हणतात. या भागात तराजू क्वचितच दिसतो. वाटा ठरलेला आणि भावही ठरलेला.

एका म्हातारीकडे पत्नीने काटवलाचा भाव विचारला. सवयीने मुलगा म्हणाला, ‘कमी करा ना आजी.’ म्हातारीने त्याच्याकडे पाहिले, दोन काटवले आणखी वाट्यावर ठेवली आणि म्हणाली, ‘घे जी, खाऊन पाय.’ भाव मात्र उतरवला नाही. पहाटे पावसात रानात जाऊन काट्यातून तोडलेल्या भाजीचा हिशेब तिच्यापाशी पक्का होता. त्यानंतर मुलाने त्या बाजारात घासाघीस केली नाही.

दुपारी एका ओळखीच्या घरी जेवलो. हे कुटुंब नांदेडकडचे. ज्वारीची भाकर, काटवलाची कोरडी भाजी, आंबाडी आणि ठेचा. काकी म्हणाल्या, ‘आंबाडी आमच्या गावचीच हाय, वास्ते मात्र हितं येऊन शिकलाव.’ हीच आंबाडी सीमेपलीकडे तेलंगणात पुंटिकूर या नावाने रोजच्या जेवणात असते. सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि पूर्वीचा आंध्र, २०१४नंतर तेलंगणा, असा दोन्हीकडून हक्क सांगितला गेला. त्या गावांत दोन राज्यांची रेशनकार्डे आणि दोन भाषांच्या शाळा असण्याचे नवल वाटत नाही. सरकारांना जी रेघ इतकी वर्षे नीट ओढता आली नाही, तिच्या दोन्ही अंगांना माणसे एकच पाला शिजवून खातात.

पण बाजार नुसता गोड गोष्टी सांगत नाही. मोहफुलांचेच पाहा. उन्हाळ्यात पहाटे उठून घरातली सगळी माणसे ती वेचतात, वाळवतात आणि हातात रोख पैसा हवा म्हणून लगेच विकून टाकतात. पावसाळ्यात घरातला साठा संपला, की तीच फुले चढ्या भावाने विकत घ्यायची पाळी येते. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर त्यांची मालकी मान्य केली, २०१३-१४पासून आधारभूत किमतीची योजनाही आली. तरी साठवायला कोरडी जागा आणि हंगाम ढकलण्यापुरता पैसा नसेल, तर कागदावरचा मालक बाजारात गरजूच राहतो.

दुसरी गोष्ट पोटाची. कापूस आणि सोयाबीन वाढले तशी ज्वारी मागे हटली. रेशनचा तांदूळ आला आणि भरडधान्ये ताटातून गेली. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. शहरातल्या दुकानांत तीच धान्ये सुंदर पुड्यांत आली. बाजारातल्या त्या म्हातारीच्या शेजारी बसलेली नात मात्र चिवड्याचे पाकीट फोडत होती. तिला दोष कोण देणार? पण कोणता कोंब कडू, तो किती पाण्यात उकळायचा, कोणती अळिंबी विषारी, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते आजीकडून नातीकडे जाते, किंवा जात नाही.

मग सगळ्यांनी जिवतीला गर्दी करावी काय? मुळीच नाही. बोकेरियात पाहणाऱ्यांची झुंबड इतकी वाढली, की २०१५मध्ये गर्दीच्या वेळी पर्यटकांच्या मोठ्या गटांना मज्जाव करावा लागला. छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे रोजचे गिऱ्हाईक दूर जाते आणि मंडईचे प्रदर्शन होते. आपल्या आठवडी बाजारांचे तसे होऊ नये. जायचे तर चार माणसांनी जावे, पिशवी घेऊन जावे, विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये, सांगितलेला भाव द्यावा आणि आणलेली भाजी शिजवून खावी.

जिवतीच लागते असेही नाही. आपल्या प्रत्येकाच्या जिल्ह्यात असा एक बाजार आहे, ज्याचा वार आपल्याला ठाऊक नाही. पुढच्या परदेशवारीची तिकिटे काढण्याआधी मुलांना घेऊन एकदा तिथे जावे. फडक्यावर मांडलेल्या किती भाज्यांची नावे घरात कोणाला येतात, ते तिथे उभे राहून मोजावे. आमच्या घराचा आकडा तीन होता.