पॉलिसी रद्द झाली होती? मग फॉर्ममध्ये 'हो' लिहा



आपल्या चॅनलवर मी नेहमी हिशोब, उधारी आणि जीएसटीवर बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतोय. वेगळा वाटला तरी दुकानाच्या गल्ल्याशी थेट जोडलेला आहे. शेवटपर्यंत वाचा.

ताडकळसला माझं दुकान आहे. मोबाईलचं सामान, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. पीक विम्यापासून लायसनपर्यंत सगळ्या फॉर्मसाठी लोक येतात. मागे एक पोरगा आला. वय एकवीस. बापाने सोयाबीनचे पैसे आले म्हणून सेकंड हँड गाडी घेऊन दिलेली. म्हणाला, "दादा, गाडीची पॉलिसी काढायची. पटकन काढून द्या, परभणीला जायचंय."

मी विचारलं, जुनी पॉलिसी कुठाय? तर म्हणे, ती कंपनीने रद्द केली.

का रद्द केली ते ऐका, कारण सेकंड हँड गाडी घेणारे बरेच जण हीच चूक करतात. गाडीच्या आधीच्या मालकाचा ५० टक्के नो क्लेम बोनस होता. पॉलिसी काढून देणाऱ्याने तोच बोनस या पोराच्या नावावर लावला. प्रीमियम कमी झाला, पोरगा खूश. पण नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली तरी बोनस विकणाऱ्याकडेच राहतो. पुढे बंपरचा क्लेम टाकला तेव्हा कंपनीने तपासलं. क्लेम गेला, नोटीस आली आणि पॉलिसीही गेली.

आता नवीन कंपनीच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता: याआधी कोणत्या विमा कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला आहे का, पॉलिसी रद्द केली आहे का? पोरगा म्हणाला, "टाका ना 'नाही'. दुसरी कंपनी आहे, कुणाला कळतंय?"

मी टाकलं नाही. तो थोडा रागावला आणि दुसरीकडे गेला. एक गिऱ्हाईक गेलं, ठीक आहे. पण त्या दिवसापासून डोक्यात हाच विषय आहे. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: पॉलिसी रद्द झाली असेल तर 'हो' लिहा. वय कमी असेल तर नक्कीच लिहा.

मी शहाणपणा शिकवत नाही, ठेच लागलेली आहे म्हणून सांगतोय. बीबीए झाल्यावर नवीन दुकान टाकलं तेव्हा मी एक जुनी गाडी घेतली होती. विम्याचा चेक दिला. त्या आठवड्यात उधारी वसूल झाली नाही, खात्यात पैसे कमी पडले आणि चेक बाउन्स झाला. कंपनीने पॉलिसी रद्द केली. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. मी कितीतरी दिवस पॉलिसीचा कागद डॅशबोर्डमध्ये ठेवून बिनधास्त फिरत होतो. विमा नव्हताच! अपघात झाला नाही हे नशीब. पुढच्या वर्षी एजंट म्हणाला, "हे कशाला लिहिता, सोडून द्या." मी सोडून दिलं. तेव्हा कळत नव्हतं. आज कळतंय की दुसरं वर्षही मी नशिबावरच काढलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. साध्या भाषेत.

विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. म्हणून चेक बाउन्स झाला की पॉलिसी धोक्यात. २०१२ मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध लक्ष्मम्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पॉलिसी रद्द करून तसं मालकाला अपघाताआधी कळवलं असेल तर कंपनीची जबाबदारी संपते. कळवण्याआधीच अपघात झाला तर जखमी माणसाला किंवा मयताच्या घरच्यांना कंपनीने भरपाई द्यायची, आणि मग ती मालकाकडून वसूल करायला कंपनी मोकळी. म्हणजे फिरून आपल्याच दारात!

दुसरी गोष्ट. बरेच जण म्हणतात, "थर्ड पार्टी तर सक्तीची आहे, ती कंपनीला द्यावीच लागते. खोटं लिहिलं तरी काय फरक पडतो?" फरक पडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला बचावाचे जे मुद्दे दिलेत, त्यात हाही एक आहे: महत्त्वाची माहिती लपवून किंवा खोटी माहिती देऊन पॉलिसी घेतली. आता विचार करा. पालम रोडवर संध्याकाळी समोरून मोटारसायकल आली, अपघात झाला, माणूस गेला. मृत्यूच्या भरपाईला थर्ड पार्टीत वरची मर्यादा नसते. रक्कम लाखांत जाते. कंपनीचा वकील तुमचा फॉर्म काढून दाखवतो की इथे 'नाही' लिहिलंय. मग काय विकणार? दुकान की वावर?

तिसरी गोष्ट, "फॉर्म एजंटने भरला, मी फक्त सही केली." हे चालत नाही. २०१९ च्या रेखाबेन राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा घेतला. प्रकरण जीवन विम्याचं होतं. फॉर्ममध्ये दुसऱ्या कंपनीची आधीची पॉलिसी सांगितली नव्हती. न्यायालय म्हणालं, न वाचता सही केली असं म्हणून सही करणाऱ्याला सहसा सुटता येत नाही. आता ओटीपी हीच आपली सही आहे. माझ्या काउंटरवर उभं राहून तुम्ही ओटीपी सांगता, तेव्हा तुम्ही सही करता. टिक मी केली तरी उत्तर तुमचंच.

आता समोरची बाजूही ऐकू, कारण तीही खोटी नाही. पोरं म्हणतात, "खरं लिहिलं तर प्रीमियम वाढतो, नाहीतर कंपनी नको म्हणते." बरोबर आहे, होऊ शकतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग आहे, त्यात कंपनी जास्त पैसे मागू शकते, गाडीची तपासणी सांगू शकते, नाही पण म्हणू शकते. पण थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरात १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आहेत. तुमची आधीची पॉलिसी रद्द झाली म्हणून हा दर बदलत नाही. एका कंपनीने टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा. हिशोब करा: खोटं बोलून वाचतात ते काही हजार, आणि डाव लागतो तो लाखांचा. असा सौदा आपण मालाच्या खरेदीत करतो का?

कंपन्यांवर पण माझा राग आहे, तोही सांगतो. हा प्रश्न कधी बारीक अक्षरात असतो, कधी 'मी सहमत आहे' या टिकच्या मागे दडलेला असतो. एकवीस वर्षाच्या पोराने तो कसा शोधायचा? प्रश्न मराठीत, मोठ्या अक्षरात, वेगळा विचारला पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१२ चा कायदा आहे. तिथे साध्या ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काळजी घेऊन द्यायचं, बस. चूक निष्काळजीपणाने झाली की मुद्दाम केली, यात तो कायदा फरक करतो आणि शिक्षाही तशीच कमी-जास्त. आपल्याकडेही असा साधा नियम हवा. पण तो येईपर्यंत फटका आपल्यालाच बसणार, म्हणून आपणच सावध राहायचं.

आणि एक चांगली बातमी. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकाची पॉलिसी कंपनी फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीसाठीच रद्द करू शकते, तेही किमान सात दिवसांची नोटीस देऊन. तुम्ही मात्र कारण न सांगता कधीही रद्द करू शकता. म्हणून रद्द कुणी केली आणि का केली, हे लिहिणं महत्त्वाचं. गाडी विकली म्हणून स्वतः रद्द केली, चेक बाउन्स झाला आणि फसवणुकीचा ठपका आला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती मुदत संपली तर ते 'रद्द' नाही. पण मुदत संपून ९० दिवस झाले की नो क्लेम बोनस जातो, तेवढं लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

१. रद्द झाल्याचं पत्र किंवा ईमेल जपून ठेवा. नसेल तर जुन्या कंपनीकडून मागा.
२. फॉर्ममध्ये 'हो' लिहा आणि दोन ओळीत तारीख व कारण द्या. ऑनलाइन जागा नसेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेल करा आणि उत्तर येऊ द्या.
३. भरलेल्या फॉर्मची प्रत मागा. पॉलिसीबरोबर तीही फाइलला लावा.
४. टिक स्वतः करा. मला नाही, एजंटला नाही, कुणालाच करू देऊ नका.
५. रद्द करणंच चुकीचं वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही.

आपण दुकानदार आहोत, हे आपल्याला वेगळं समजवायची गरज नाही. नवीन गिऱ्हाईक उधारी मागायला येतं आणि स्वतःच सांगतं, "भाऊ, त्या दुकानात माझे हजार रुपये राहिलेत, दिवाळीला देणार." त्याला आपण विचार करून का होईना, माल देतो. जो लपवतो आणि नंतर दुसऱ्या दुकानदाराकडून कळतं, त्याचं खातं आपण बंद करतो. विमा कंपनी पण दुकानच आहे, फक्त मोठं.

तो पोरगा दोन दिवसांनी परत आला होता. दुसरीकडेही काम अडलं होतं. आम्ही बसून 'हो' लिहिलं, कारण लिहिलं, पत्राची झेरॉक्स जोडली. पॉलिसी निघाली, बोनस शून्यापासून. काही हजार जास्त लागले. जाताना तोंड वाकडं होतं त्याचं. असू द्या. क्लेमच्या दिवशी सरळ होईल, आणि तो दिवस आलाच नाही तर त्याहून चांगलं.

तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. पॉलिसी नंबर मात्र टाकू नका. भेटू पुढच्या भागात.